घोटा, डावा, सात

ज्याचं खरंच दुखतं तो काहीही बरळतो. ज्याचं दुखत नाही तोच नीट सांगू शकतो, कारण त्याच्याकडे कागद असतो. दुखण्यावरच्या तज्ज्ञ डॉक्टरांची शेवटची परीक्षा याच तत्त्वावर उभी आहे. म्हणून तिथे दुखणारी माणसं घेत नाहीत. आम्हाला, नाटकी रुग्णांना, घेतात.

मलेशियात इपोहला, शनिवारी रिकाम्या असलेल्या ओपीडीत, मी रुग्ण क्रमांक पाच होतो. कागदाप्रमाणे नाव अ‍ॅडम, वय चोवीस (खरं सतरा, पण मिशी आहे), मोटरसायकलवरून पडलेला, डावा घोटा सहा महिने जळतोय, दहापैकी सात. झोपेचं विचारलं तर सुस्कारा. नोकरीचं विचारलं तर तीन सेकंद खाली बघणे. न विचारलेलं सांगण्यास सक्त मनाई. शाळेत मी याच्या बरोबर उलटं वागायचो, म्हणून शाळा सुटली. इथे मी आदर्श होतो. कोपऱ्यावरून आणलेला नासी लेमाक, म्हणजे नारळाचा भात, तसाच पुडीत होता, बर्फाच्या चहाचं टेबलावर पडून पडून पाणी झालं होतं, आणि मी गालावर हात ठेवून विचारवंतासारखा बसलो होतो. मुख्य परीक्षक दातुक चोंग (दातुक ही सरकारी पदवी) खूष झाले. "बघा, चेहऱ्यावर काय वेदना आहे! याला म्हणतात तयारी."

परीक्षार्थी नऊ. प्रत्येकाला आठ मिनिटं, मग घंटा.

पहिले आठ जण उत्तम. आठांनीही 'शून्य ते दहामध्ये किती?' विचारलं, आठांनाही मी सात म्हणालो, सरासरी सात आली. (शास्त्र असंच पुढे सरकतं.) तिघांनी उजवा घोटा दाबला. तरी मी ओरडलो, कारण कागदात 'दाबल्यावर ओरडणे' एवढंच होतं. सहानुभूतीला दोन गुण होते, ते कोणीच सोडले नाहीत: "तुम्हाला किती त्रास होत असेल, मी समजू शकतो." पाच जण हे भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून म्हणाले. घड्याळाला बरं वाटलं असणार. एकाने माझा चहा सरकवून तिथे वही ठेवली.

नववी डॉ. रोसनानी. तिची तिसरी खेप, म्हणजे नियमाप्रमाणे शेवटची. ती बाहेर फोनवर कुणाला तरी सांगत होती ते मी ऐकलेलं. तिच्या गावच्या इस्पितळात दुखण्याच्या उपचारांची खोली आहे, पाटी आहे, डॉक्टर नाही. दोन वर्षं कुलूप आहे. ती पास झाली की निघणार.

ती आली, बसली आणि चहाकडे बघायला लागली. पूर्ण एक मिनिट वाया.

"अदिक, चहा का नाही प्यायलास?"

अदिक म्हणजे धाकटा भाऊ. हे कागदात नव्हतं. मी म्हणालो, "घोटा जळतो."

"घोट्याने पितोस का चहा? हात काढ. आ कर."

"अहो, घोटा! डावा! सात!"

"ओरडू नको, आ कर म्हणते ना!" तिने कपाळाला हात लावला. "ताप आहे याला. कधीपासून दुखतोय दात?"

"मंगळवारपासून."

"आणि सकाळपासून गप्प बसलायस? आठ डॉक्टर येऊन गेले!"

"कोणी विचारलं?"

दातुक खाकरले. "डॉक्टर, चार मिनिटं उरलीत. घोटा."

"माहितीये, दातुक," ती म्हणाली. घोट्याकडे एकदा बघितलंन, घड्याळाकडे एकदा. मग मला विचारलंन, "तुझं खरं नाव काय?"

"वेंग होंग."

तिने त्या नावाची चिठ्ठी लिहिली, दातांच्या डॉक्टरला फोन लावला. तो उचलेपर्यंत घंटा वाजली.

निकाल संध्याकाळी लागला. पास आठ, नापास एक.

माझं डोकं फिरलं. "दातुक, तिने ओळखलं की!" मी सुजक्या तोंडाने ओरडलो.

"ओळखलं ना, बाळा," दातुक प्रेमाने म्हणाले. "पण घोट्याला शून्य. दात पुढच्या वर्षी परीक्षेत घालू आपण."

माझ्या नावापुढेही शेरा पडला: 'रुग्ण कागदाबाहेर आजारी पडला. पुन्हा बोलावू नये.'

डॉ. रोसनानी गाडीपाशी उभी होती. डोळे लाल. मला म्हणाली, "गेलास का दातवाल्याकडे?"

"उद्या जातो."

"उद्या नाही, गाढवा. बस गाडीत."

दात निघाला. कुलूप नाही निघालं.

आता तुमचं. पुडी सोडली नव्हती, चहाचं पाणी झालं होतं, हात गालावर होता, हे सगळं मी तुम्हाला सुरुवातीलाच सांगितलं होतं. तुम्ही दातुकांबरोबर हसलात आणि घोटा बघत पुढे गेलात.

अभिनंदन, पास आहात. त्या गावातली पाटी तयार आहे, फक्त नाव रंगवायचं राहिलंय.