उभ्या उभ्या पाहुणचार

"परक्या माणसाच्या मनातलं त्याने न सांगता ओळखणं, हा माझ्या हातचा मळ आहे!"

चिरंजीवांनी हे जाहीर केलं तेव्हा घरात कोणी मान वर केली नाही. ताई मोबाइलमध्ये होती, आई भाजी निवडत होती आणि बाबा त्यांच्या लाडक्या खुर्चीत बसून गुडघ्यांना तेल चोळत होते. पण चिरंजीवांना बोलायला श्रोते लागतातच असं नाही.

चिरंजीव म्हणजे या घरातलं शेंडेफळ. खुर्च्यांच्या एका कारखान्यात ते आराखडे काढतात. कारखान्यातल्या बाकीच्या खुर्च्या बसण्यासाठी असतात, चिरंजीवांनी स्वतः काढलेली मात्र 'पाठीशी संवाद साधण्यासाठी' आहे, असं ते म्हणतात. तिचा एकुलता एक नमुना तयार झाला होता, आणि तो त्यांनी पोटच्या पोरासारखा घरी आणून ठेवला होता. अडचण एकच होती. साहेब ती खुर्ची बाजारात आणायला तयार नव्हते.

"तिकडच्या, परदेशातल्या जाणकारांना तीत बसव. ते बसून 'वा' म्हणाले की मी लगेच मशीन सुरू करतो," साहेब म्हणाले होते.

आता 'तिकडे' जायचं कसं? तर त्यासाठी एक योजना होती. तरुण कारागीर आणि अभियंत्यांनी एकमेकांच्या देशात जायचं, एकमेकांच्या घरी राहायचं, संस्कृतीची देवाणघेवाण करायची. आधी तिकडचा एक खुर्चीवाला पंधरवडाभर इथे येणार. तो खूश झाला आणि समारोपाच्या दिवशी चिरंजीवांबद्दल चांगलं बोलला, की मग चिरंजीव तिकडे! सूटकेस तर त्यांनी कधीच आणून ठेवली होती.

यजमानांसाठी एक प्रशिक्षण झालं. शिकवणाऱ्या बाई कडक होत्या.

"पाहुण्याच्या आधी बसायचं नाही. आणि 'तुम्ही असं का करता?' हे विचारायचं नाही! बघायचं, समजून घ्यायचं, आणि त्यांच्यासारखं वागायचं."

चिरंजीवांनी हे घरी येऊन सगळ्यांकडून घोकून घेतलं. बाबांनी फक्त एक शंका काढली. "तो झाडावर चढून जेवत असला तर?"

"तर आपणही चढायचं, बाबा!"

पाहुणा संध्याकाळी आला. उंच, हसरा, गोड चेहऱ्याचा, चिरंजीवांच्याच वयाचा. दोघांनाही येणारी एक तिसरी भाषा होती. ती पाहुणा सावकाश बोलायचा आणि चिरंजीव जोरात बोलायचे, त्यामुळे काम भागत होतं. हातपाय धुऊन तो येईपर्यंत टेबल मांडून झालं. टेबलाच्या मानाच्या जागी चिरंजीवांनी स्वतःची खुर्ची ठेवली. पाहुणा तीत बसणार, त्याच्या तोंडून 'वा' निघणार, अर्धी लढाई पहिल्याच दिवशी जिंकणार!

घरचे सगळे आपापल्या खुर्चीमागे उभे राहिले. पाहुण्याच्या आधी बसायचं नाही ना!

पाहुणा आला. त्याने उभ्या असलेल्या चौघांकडे पाहिलं. मानाच्या खुर्चीकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरलं, की चिरंजीवांचा ऊर भरून आला. मग त्याने खुर्चीला हात न लावता ताट उचललं, आणि उभ्याउभ्याच जेवायला लागला.

बाबांचा हात खुर्चीच्या पाठीवर होता, अर्धं अंग खाली वाकलेलं होतं.

"बाबा, नाही!" चिरंजीव दातांत पुटपुटले. "त्यांच्याकडे उभं राहून जेवतात!"

"कोण म्हणालं?"

"म्हणायला कशाला हवं? दिसतंय ना!"

आणि सगळं घर उभ्याने जेवलं. सूप होतं. एका हातात वाटी, एका हातात चमचा, आणि ताट धरायला तिसरा हात देवाने कोणाला दिलेला नाही. आईने ताट फ्रिजवर ठेवलं. ताईने खिडकीत. बाबांनी सूप एका घोटात संपवलं आणि डोळ्यांत पाणी आलं, कारण ते उकळतं होतं.

"किती छान जेवण!" पाहुणा म्हणाला.

"पाहिलंत?" त्याची पाठ वळताच चिरंजीव म्हणाले. "एक शब्द न विचारता ओळखलं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला चौघं उभे. पाहुणाही उभा. दुपारी उभे, रात्री उभे. बाबांनी आयुष्यभर बस चालवली होती. बसून कमावणं आणि कमावलेलं बसून खाणं एवढीच त्यांची जीवनपद्धती. चौथ्या दिवसापर्यंत त्यांचे गुडघे फुगले.

"अरे, हा झाडावर चढला असता तर परवडलं असतं," ते कळवळून म्हणाले. "फांदीवर निदान टेकता तरी आलं असतं!"

"बाबा, माझ्या खुर्चीचा प्रश्न आहे!"

"आणि माझ्या खुर्चीचं काय?"

शेवटी बाबांनी बंड केलं. एकदा दुपारी सगळे बाहेरच्या खोलीत उभ्याने जेवत असताना ते ताट घेऊन गुपचूप स्वयंपाकघरात गेले, बादली उपडी घातली आणि तिच्यावर बसून सुखाने घास घेतला. एवढ्यात पाहुणा पाणी प्यायला आत आला. बाबांना एवढंच आठवलं की पोराची खुर्ची आपल्यामुळे बुडणार. ते तसेच ताडकन उठले! बादली एकीकडे, ताट दुसरीकडे, आमटी पाहुण्याच्या शर्टावर, आणि बाबा मात्र ताठ उभे. गुडघ्यांतून आलेला आवाज बाहेरच्या खोलीत ऐकू आला.

पाहुण्याचे डोळे पाणावले. त्याने बाबांचे दोन्ही हात हातांत घेतले आणि बराच वेळ सोडलेच नाहीत.

"हा माझा शर्ट खराब झाला म्हणून रडतोय का रे?" बाबांनी नंतर विचारलं.

"नाही हो. तुम्ही त्यांची पद्धत पाळता म्हणून गहिवरला बिचारा!"

इथवर गोष्ट घरातल्या घरात होती. पण चिरंजीवांना आपली हुशारी पोटात ठेवता येत नाही. त्यांनी ती साहेबांना सांगितली.

"म्हणजे उद्यापासून तो कारखान्यात येणार, आणि आपण त्याच्यासमोर खुर्च्यांवर बसून जेवणार?" साहेबांना घाम फुटला. "काय वाटेल त्याला! उपाहारगृहातल्या सगळ्या खुर्च्या उचला!"

खुर्च्या उचलल्या. साहेब स्वतः एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून... नव्हे, अगदी प्रसन्न तोंड करून खांबाला टेकून जेवू लागले. खुर्च्यांच्या कारखान्यात शेकडो खुर्च्या पडलेल्या, आणि जेवायला बसायला एक नाही! कामगार डबे घेऊन गोदामात जायचे, खुर्च्यांच्या खोक्यांमागे लपून खुर्च्यांवर बसायचे, आणि पाहुण्याची चाहूल लागली की असे उभे राहायचे जणू आग लागली आहे. पाहुणा हे सगळं डोळे भरून पाहायचा. प्रश्न एकही विचारायचा नाही.

ताईला मात्र काही तरी खटकत होतं. "हा खोलीत एकटा असताना पलंगावर बसून बिस्किटं खातो," ती म्हणाली. "मी दारातून पाहिलं."

"बिस्किट म्हणजे जेवण नव्हे!" चिरंजीव कडाडले. "संस्कृतीचे बारकावे असतात, ताई!"

"मी सरळ विचारते त्याला."

"खबरदार! ती बाई काय म्हणाली होती?"

ताईने पुन्हा मोबाइल उचलला. बिचारीने तेव्हाच विचारलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती, आणि बाबांचे गुडघेही वाचले असते.

समारोपाचा दिवस उजाडला. सभागृह भरलेलं. व्यासपीठावर प्रशिक्षणवाल्या बाई अध्यक्ष. पहिल्या रांगेत साहेब. त्यांच्या शेजारी आई, ताई आणि बाबा. बाबा मऊ गादीच्या खुर्चीत असे रुतून बसले होते की त्यांना आता क्रेनच उठवणार. चिरंजीवांच्या खिशात त्यांचं भाषण होतं. विषय, 'उभ्याने जेवणारा देश: मी काय शिकलो'.

आधी पाहुणा बोलायला उभा राहिला. ताई आईबाबांच्या कानात अर्थ सांगू लागली.

"मी आलो तेव्हा फार अडचणीत होतो," पाहुणा म्हणाला. "विमानात माझी पाठ धरली होती. मला बसता येत नव्हतं. मी खुर्च्या बनवणारा माणूस, पाठ दुखते हे कोणत्या तोंडाने सांगू? त्या संध्याकाळी मी घाबरत घाबरत जेवायला आलो, आणि पाहतो तर काय! या घरात कोणी बसतच नाही! सगळे आपापल्या खुर्चीमागे उभे!"

चिरंजीवांनी खिशातलं भाषण चाचपलं.

"चार दिवसांत माझी पाठ बरी झाली. पण आमच्या प्रशिक्षणात सांगितलं होतं, 'असं का?' म्हणून विचारू नका, यजमानांसारखं वागा. म्हणून मी उभाच राहिलो. पाय दुखायचे. पण या घरच्या बाबांकडे पाहिलं की लाज वाटायची! सुजलेले गुडघे घेऊन ते उभे असायचे. एकदा त्यांना असह्य होऊन ते क्षणभर टेकले होते, मला पाहताच ताडकन उठले!"

सभागृहात टाळ्या. बाबांनी ताईला दोनदा विचारलं, "माझ्याबद्दल? नक्की माझ्याबद्दल?"

"आणि टेबलाच्या मानाच्या जागी एक अप्रतिम खुर्ची ठेवलेली असते. तिच्यात कोणीही बसत नाही! अन्नाबद्दल एवढा आदर मी कुठे पाहिला नाही."

पाहुणा डोळे पुसत खाली आला. अध्यक्ष बाईंनी चष्मा काढला.

"मी जन्मभर इथेच राहते," त्या हळूच म्हणाल्या. "मी बसून जेवते. माझी आई बसून जेवायची. ही प्रथा नेमकी कोणाची?"

सगळ्या माना चिरंजीवांकडे वळल्या. खिशातलं भाषण विंचवासारखं टोचू लागलं. खरं सांगावं तर पाहुण्याची भर सभेत फजिती, आणि आपलं जाणं रद्द. खोटं सांगावं तर समोर अख्खं गाव बसूनच जेवणारं. कोणाच्याही मनातलं ओळखणाऱ्या या माणसाला त्या वेळी स्वतःच्या मनात काय आहे तेही कळेना.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून कण्हण्याचा आवाज आला. बाबा उठत होते. आईने धरलं, ताईने ढकललं, आणि ते उभे राहिले.

"आमच्या घराण्याची!" बाबा गरजले. "आजोबांपासून चालत आलीय!"

चिरंजीवांनी डोळे मिटून घेतले. बाबांचे आजोबा पलंगावर लोडाला टेकून जेवायचे, आणि पुष्कळदा तिथेच झोपून जायचे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"आणि आमच्या कारखान्याचीही!" साहेबही मागे राहीनात. "खुर्ची गिऱ्हाइकासाठी असते. आम्ही उभे!"

मागच्या रांगेतले कामगार खोकू लागले. पण टाळ्यांच्या गजरात ते कोणाला ऐकू गेलं नाही. बाईंनी तिथल्या तिथे चिरंजीवांची निवड जाहीर केली. निघताना पाहुण्याला भेट म्हणून चिरंजीवांनी आपली खुर्ची दिली. तिकडे जाणकार बसतील, 'वा' म्हणतील, मशीन सुरू होईल! डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखं त्यांना वाटलं.

घरी आल्यावर त्यांनी बाबांना मिठी मारली. "बाबा, तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात!"

"तुझ्यासाठी कशाला?" बाबा खुर्चीत पसरत म्हणाले. "त्याने एवढ्या लोकांत माझं कौतुक केलं. ते काय खोटं ठरू देऊ?"

काही महिन्यांनी चिरंजीव तिकडे पोहोचले. पाहुणा, म्हणजे आता यजमान, त्यांना विमानतळावरून थेट घरी घेऊन गेला. वाटेत चिरंजीवांनी मनाशी पक्कं ठरवलं होतं. आज जेवताना सगळं खरं सांगून टाकायचं, हसायचं, हसवायचं, आणि मग एकेकाला आपल्या खुर्चीत बसवायचं.

जेवणाच्या खोलीचं दार उघडलं.

टेबल मांडलेलं होतं. एका बाजूला यजमानाचे वडील उभे. दुसऱ्या बाजूला त्याची आई उभी. मध्ये काठीवर दोन्ही हात टेकून, थरथरत, त्याची पांढऱ्या केसांची आजी उभी. बाकीच्या खुर्च्या भिंतीशी एकावर एक रचलेल्या. आणि टेबलाच्या मानाच्या जागी चिरंजीवांची खुर्ची, पुसून लख्ख केलेली, पाठीला प्रवासासाठी गुंडाळलेलं प्लास्टिकसुद्धा न काढलेली.

चिरंजीवांनी रचलेल्या खुर्च्यांकडे बोट केलं. "हे... तुम्ही रोज..."

"तू येणार असल्याचा तुझा फोन आला त्या दिवसापासून सराव करतोय!" यजमान आनंदाने म्हणाला. "कारखान्यातही सांगितलंय. सगळे जाणकार ती खुर्ची बघायला येऊन गेले. फार आवडली!"

"बसून पाहिलं का कोणी?"

"छे!" यजमान जवळजवळ दुखावलाच. "एवढे का आम्ही असंस्कृत आहोत?"

चिरंजीव बोलणारच होते. अगदी ओठांवर आलं होतं. पण आजीने काठीवरचा एक हात काढून त्यांच्या गालावर ठेवला आणि काही तरी म्हणाली.

"ती म्हणतेय," यजमानाने अर्थ सांगितला, "माझे गुडघे दुखतात, पण तुझ्या बाबांएवढे नक्कीच नाहीत."

चिरंजीवांनी मुकाट्याने ताट उचललं. सूप होतं.