रविवारची तपासणी

गुल्हानेभाऊ प्रवासाला निघाले की त्यांच्या मांडीवर खाकी कापडाची एक पिशवी असते आणि पिशवीत हार्ड डिस्क. पिशवी त्यांनी स्वतः शिवलेली आहे. जुन्या युनिफॉर्मच्या पँटची, खिशाच्या बटणासकट. शेजारच्या माणसाने भलेपणाने "पिशवी वर ठेवा ना काका, जागा आहे" म्हटलं, की भाऊ त्याच्याकडे असं बघतात, जणू त्याने मांडीवरचं लेकरू रॅकवर टाकायला सांगितलंय. "आत पॅसेंजर हायेत," ते गंभीरपणे म्हणतात. नवखा माणूस मग हळूच जागा बदलतो.

भाऊ एसटीत कंडक्टर होते. उभी नोकरी वर्धा ते हिंगणघाट आणि हिंगणघाट ते वर्धा अशी गेली. लग्न राहून गेलं. "पोरगी पाहाले जायचं ठरलं का ड्युटी लागे," एवढंच त्याचं स्पष्टीकरण. आई होती तोवर घरात आई होती, ती गेल्यावर एकटेच. आमच्यापासून तीन घरं सोडून राहतात. रिटायर झाल्यावर त्यांनी फंडातून कॅमेरा घेतला, लॅपटॉप घेतला, व्हिडिओ बघून बघून एडिटिंग शिकले आणि हिंडायला लागले.

त्यांची एडिटिंगची भाषा मात्र सगळी एसटीची. हार्ड डिस्क म्हणजे गाडी, फाइली म्हणजे पॅसेंजर. लॅपटॉपमध्ये जागा उरली नाही, म्हणून ते सगळं काम बाहेरच्या डिस्कवरच करतात. "लॅपटॉपात उभं राहाले बी जागा नाई," ते सांगतात. एखादा तुकडा कापला की त्याला "उतरवून देलं." काम झालं की तोंडानेच "टिंग टिंग" अशी डबल बेल देतात, म्हणजे गाडी पुढे जाऊ द्या. आणि थांबवायचं असलं की तळहात वर करून एकच "टिंग." चहात साखर पुरे झाली हेसुद्धा ते माझ्या बायकोला असंच सांगतात.

त्यांच्या फिल्मांविषयी काय सांगावं? हिंगणीहून बोरच्या जंगलात सफारीला गेले, तिथला एक व्हिडिओ आहे. त्यात वाघ नाही. वाघ दिसला नाही हे आपलं दुर्दैव, पण भाऊंनी वाघ न दिसण्याचं पूर्ण चित्रीकरण केलं आणि मध्ये मध्ये पाटी टाकली, 'वाघ येथून गेला असावा.' केळझरच्या गणपतीला आम्ही दोघं त्यांच्याबरोबर गेलो होतो. घरी येऊन फिल्म बघतो तर देऊळ कमी आणि पार्किंगमध्ये कोणत्या डेपोच्या गाड्या उभ्या होत्या तेच जास्त. "काशी दाखवतो," म्हणून एकदा त्यांनी आम्हाला आमच्याच घरात बसवलं आणि पाऊण तास वाराणसीचा बसस्टँड दाखवला. गंगा आली, पण खिडकीतून.

या माणसाला अपघात झाला तो रामेश्वरचा. म्हणजे भाऊ धडधाकट परत आले, पण डिस्क हातातून निसटून फरशीवर पडली आणि सगळी ट्रिप गेली. दुसरीकडे कुठेच कॉपी नव्हती. भाऊ आठवडाभर जेवले नाहीत असं काही झालं नाही, जेवले, पण प्रत्येक घासाला "सारेच्या सारे गेले" म्हणत. त्यानंतर त्यांनी नियम केला. प्रवासात रोज संध्याकाळी कॅमेऱ्याच्या कार्डातलं सगळं डिस्कवर चढवायचं आणि तपासल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही. हॉटेलात सहलीतली बाकीची मंडळी ताटावर बसून ओरडत, तरी भाऊ खोलीतून हलत नसत. "पॅसेंजर चढून राह्यले," ते आतूनच सांगत. आणि घरी आलं की दुसऱ्या डिस्कवर दुसरी कॉपी. ती दुसरी डिस्क दुसऱ्याच घरात ठेवायची.

हे दुसरं घर म्हणजे आमचं.

"एकाच गाडीत सारे पॅसेंजर बसवाचे नाई," ते डिस्क घेऊन आले तेव्हा म्हणाले. "माह्या घराले आग लागली तं? चोर आला तं?"

"आणि आमच्या घराला आग नाही लागणार?" मी विचारलं.

"नाई लागत. वहिनी गॅस बंद करूनच झोपते, मले मालूम हाय."

बायको एवढी खूश झाली की डिस्कला कपाटात लुगड्यांखाली जागा मिळाली. मला माझ्या बनियनसाठी अजून मिळालेली नाही.

तेव्हापासून दर रविवारी दहाच्या सुमारास आमच्या दाराची बेल दोनदा वाजू लागली. इस्त्रीचा शर्ट, बगलेत लॅपटॉप, हातात खाकी पिशवी. कपाटातली डिस्क बाहेर यायची, केबल लागायची आणि नवीन पॅसेंजर चढायचे. त्यांची केबल इतकी जुनी की गाडी चढावावरच असायची. तोवर भाऊ तर्रीपोहे खायचे, माझ्याआधी माझा पेपर वाचायचे, त्यातल्या बातम्या मलाच सांगायचे, बायकोला शेंगा सोलून द्यायचे. माझी रविवारची आडवं होण्याची वेळ त्यात जायची. जेव्हा ते कुठे गेलेलेच नसत, तेव्हाही येत.

"भाऊ, नवीन काही नाही, मग आज काय?" मी एकदा विचारलंच.

"तपासणी," ते म्हणाले. "चेकिंग तं अचानकच असते नं."

दर रविवारी दहाला होणारी ही अचानक तपासणी मी तोंड दाबून सहन केली. मग दिवाळीला आमची मुलगी पल्लवी पुण्याहून आली. ती कंप्युटरवालीच. गल्लीत नुकतंच नवं वेगवान नेट आलं होतं. तिने भाऊंचा सगळा कारभार बघितला, कपाळाला हात लावला आणि सुट्टीत बसून त्यांची झाडून सगळी फिल्म नेटवर चढवून दिली.

"आता आग लागू द्या काका, पूर येऊ द्या, काही जात नाही. नवीन काढलं की आपोआप चढतं. डिस्क इकडे ठेवायचीही गरज नाही."

"वा! मोठीच सोय केली पोरीनं," भाऊ म्हणाले. लुगड्यांखालची डिस्क काढून त्यांनी खाकी पिशवीत ठेवली, बटण लावलं, आणि दारातून वळून आम्हाला हात जोडले. "लय दिवस सांभाळली वहिनी तुमी."

पुढच्या रविवारी बेल वाजली नाही. मी पेपर पहिल्या पानापासून वाचला, आडवाही झालो. खोटं कशाला बोलू, मजा आली. बायकोने पोहे केले आणि कढईत उरलेले पोहे बघत उभी राहिली. त्याच्या पुढच्या रविवारीही पोहे उरले. "हात बसलाय तेवढ्याला," ती म्हणाली. मी पेपर लवकर वाचून संपवला. त्यातली एक बातमी कुणाला तरी सांगावीशी वाटत होती.

तिसऱ्या रविवारी मी दूध आणायला निघालो, तर भाऊ आपल्या ओट्यावर खुर्चीत बसलेले. अंघोळ झालेली, इस्त्रीचा शर्ट, केस विंचरलेले. शेजारी लॅपटॉपची बॅग. कुठे निघाले असावेत असं वाटलं.

"कुठची गाडी भाऊ?"

"कोठची नाई. बसलो हावो आपला."

"घरी काऊन नाही आलात इतक्यात?"

भाऊ हसले. "काई काम नाई नं राह्यलं तुमच्याकडं. सारं आपोआप होते आता." मग म्हणाले, "बिनातिकिटाचं गाडीत बसणं मले नाई जमत, राजेहो. लोकायले उतरवलं हाय मी."

मी दूध न घेताच घरी आलो. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. आम्ही इतके दिवस डिस्क सांभाळत होतो, आणि हा माणूस तेवढ्या एका डिस्कवर आमच्या घरी येत होता. बायकोला सांगितलं. संध्याकाळी तिने मला बाजारात पिटाळून नवी हार्ड डिस्क आणायला लावली आणि आठवडाभर माझ्या मागे लागून पल्लवीचे लहानपणापासूनचे फोटो, मोबाइलमधले व्हिडिओ, सगळं त्यात भरून घेतलं. स्वतःच्या एका जुन्या लुगड्याची पिशवीही शिवली. बटण लावायला विसरली नाही.

रविवारी दहाला आम्ही दोघं भाऊंच्या दारात उभे राहिलो. बेल बायकोने वाजवली, दोनदा.

"भाऊजी, एकाच गाडीत सारे पॅसेंजर बसवणं बरं नाई," ती म्हणाली. "हे आमचं तुमच्याकडं ठेवा लागते."

भाऊ पिशवीकडे बघत राहिले. "काऊन वहिनी, पल्लवीनं नेटवर नाई चढवलं काय?"

"मले नाई नेटचा भरवसा. तुमचा हाय."

भाऊंनी डिस्क दोन्ही हातांनी घेतली. कपाट उघडलं, आईच्या फोटोखालचा खण रिकामा केला, तिथे ठेवली, पुन्हा काढली, लॅपटॉपला लावून बघितली. आम्ही तोवर बसलो. त्यांच्या घरी बसायचा हा आमचा पहिलाच प्रसंग, हे मला बसल्यावर लक्षात आलं. चहा त्यांनी केला. साखर फार होती. बायको सगळा प्यायली.

"बराबर हाय सारं," ते शेवटी म्हणाले. "पण नवीन गाडी हाय. तपासत राहा लागन."

"महिन्यानं येऊ मग," मी म्हणालो. बायकोने मला कोपर मारलं.

"महिन्यानं?" भाऊ लगेच म्हणाले. "नाई, नाई. दर रविवारी. मी तुमच्याकडं तसाच येत होतो नं." आणि मग बायकोकडे न बघता, "एक रविवार तुमी, एक रविवार मी. असं बी चालते."

"चालते," बायको म्हणाली.

आम्ही उठलो. चपला घातल्या. आता डबल बेल येणार म्हणून मी दाराकडे वळलो, तर मागून भाऊंचा आवाज आला. तळहात वर केलेला होता आणि ते स्वयंपाकघराकडे निघालेही होते, चहाचं भांडं पुन्हा चढवायला.

"टिंग," ते म्हणाले. एकदाच.