कॉफीवाले आणि पाणीवाले

क्षितिजाच्या लघुप्रबंधातल्या प्रयोगाचा निकाल शनिवारी दुपारी लॅपटॉपवर उमटला आणि इंद्रलोक सोसायटीतल्या त्यांच्या घरात लगेच पेढे आले. मानसशास्त्राच्या एम.ए.साठी तिने सोपा प्रयोग निवडला होता. कॉफी प्यायल्यावर शब्द जास्त लक्षात राहतात का? सोसायटीतल्या माणसांनी चिठ्ठ्या उचलायच्या, कुणाला कॉफी, कुणाला कोमट पाणी. मग आतल्या खोलीत क्षितिजा परीक्षा घेणार. बाहेर पेले देण्याचं काम आईकडे, म्हणजे ममताबाईंकडे होतं.

"पी व्हॅल्यू पॉइंट झीरो थ्री!" क्षितिजा ओरडली.

"हे चांगलं की वाईट?" शशिकांतरावांनी पेढा हातातच धरून विचारलं.

"चांगलं हो, बाबा! कॉफीने काहीच होत नसतं, तर नुसत्या योगायोगाने एवढा फरक शंभरात तीनदाच दिसला असता. पाचाच्या खाली आलं की पास."

शशिकांतरावांना त्यातलं 'पास' तेवढं कळलं. त्यांनी तत्काळ सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, 'कॉफीने स्मरणशक्ती वाढते. आमच्या कन्येचे संशोधन.' संध्याकाळपर्यंत खालच्या दुकानातली कॉफी संपली. तळमजल्यावरच्या परशुरामकाकांना चष्मा कुठे ठेवला ते कधीच आठवत नसे. ते दुसऱ्या दिवशी तांबारलेल्या डोळ्यांनी सांगत फिरत होते, "चष्मा काय सापडला नाय, पण झोप मात्र गेली."

त्याच दिवशी लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरची हिना भेटली.

"यार, तेरी मम्मी की कॉफी! दो कप पी मैंने उस दिन. टेस्ट से पहले."

क्षितिजाने घरी येताच यादी काढून पाहिली. हिनाची चिठ्ठी पाण्याची होती.

"आई, पाणीवाल्यांना तू काय दिलंस?"

"पाणी दिलं की." ममताबाई कणीक मळत राहिल्या. "नंतर."

"कशाच्या नंतर?"

"कॉफीच्या. अगं, एकाला वाफाळती कॉफी आणि शेजारच्याला नुसतं पाणी? हळदीकुंकवाला एकीला वाण देऊन दुसरीला तसंच पाठवतो का आपण? मला नाही जमत असलं."

क्षितिजाने तो पॉइंट झीरो थ्री परत काढून पाहिला. सगळ्यांनीच कॉफी ढोसली होती, म्हणजे तो फरक कॉफीचा नव्हताच. शंभरातले ते तीन नेमके तिच्याच घरी मुक्कामाला आले होते. प्रबंध नाकारला गेला तर वर्ष बुडणार होतं. गप्प बसली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता, पण तिला ते पेढेसुद्धा आता कडू लागत होते.

सोमवारी तिने आपल्या मार्गदर्शक निशिगंधा मॅडमना सगळं सांगून टाकलं. मॅडम आधी गंभीर झाल्या, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

"अगं, फरक नसतानाही कधीतरी फरक दिसतो, हे मी दरवर्षी घसा कोरडा करून सांगते. कुणाला पटत नाही. तू तर घरी करून दाखवलंस! हे सगळं जसंच्या तसं लिही आणि प्रयोग परत कर. मुदत मी वाढवून घेते. आणि या वेळी मी स्वतः येऊन बसणार, तुझ्या आईवर लक्ष ठेवायला."

क्षितिजाचा जीव भांड्यात पडला.

पुढच्या रविवारी मॅडम सकाळपासून हॉलमध्ये ठाण मांडून बसल्या. पण ममताबाई आता भलत्याच कडक झाल्या होत्या. "आंटी, थोडीसी?" म्हणत नवी पाणीवाली भाविका गयावया करत होती.

"नहीं बोला ना! चिठ्ठी में पानी है तो पानी."

दुपारी लॅपटॉपने निकाल दिला. पॉइंट फोर वन. दोन गटांत सांगण्यासारखा फरक नव्हता. नापास झालेल्या निकालावर एवढी खूश झालेली मुलगी इंद्रलोकने पाहिली नव्हती. तिने आईला मिठीच मारली.

मॅडमनी वही मिटली. सकाळभर नाकात कॉफीचा वास भरला होता. त्या हळूच म्हणाल्या, "ममताताई, उरली असेल तर अर्धा कप..."

ममताबाईंनी चिठ्ठ्यांचा डबा पुढे केला. "उचला, मॅडम."

मॅडमनी चिठ्ठी उचलली, उघडून वाचली आणि मुकाट्याने पाण्याचा पेला जवळ ओढला.