टोलेफसनांना बुरशी मिळेना

आर्लन टोलेफसनने तळघरातल्या फळीवरचा सडका ब्रेड कचऱ्यात टाकला, हात झटकले आणि बायकोला कसं सुनावायचं याची मनातल्या मनात तयारी सुरू केली. तो रस्त्यावरचं बर्फ हटवायची गाडी चालवायचा. एप्रिलात बर्फ थांबलं की त्याचे हात शिवशिवायचे, मग दिसेल ते साफ करत सुटायचा. आणि ब्रेड तरी कसला, एक पिशवी हिरवी, एक काळी, एक चक्क नारिंगी. जोलीन दवाखान्यात नर्स, सगळ्या जगाला हात धुवायला लावते, आणि घरात हे. कचऱ्याची गाडी निघाली तेव्हा आर्लनने खुशीत तिला टाटासुद्धा केला.

मग फळी पुसताना मागे एक मोठा पुठ्ठा सापडला. त्यावर त्याच्या लेकीच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘ब्रेडला बुरशी कुठे लवकर येते?’ खाली रिकामे चौकोन. त्या चौकोनांत आज पिशव्या चिकटवायच्या होत्या आणि उद्या सकाळी शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं.

सिग्नी चौथीत. कित्येक दिवस ती शाळेतून आली की आधी तळघरात पळायची आणि जेवताना बुरशीची खबरबात सांगायची. आर्लन हॉकी बघता बघता ‘हं’ म्हणायचा. गेल्या वर्षी तिचा प्रयोग कुत्र्याने खाल्ला होता. तेव्हा ती रडली नाही, एवढंच म्हणाली, “त्याला बिचाऱ्याला काय कळतं.” यंदा बापाबद्दल काय म्हणेल, या विचारानेच आर्लनला घाम फुटला.

पोरगी घरी यायच्या आत बुरशी आणायची, बस. गावात एवढी घरं, कुणाकडे तरी असेलच की.

तो शेजारच्या मार्लिसबाईंकडे गेला. खरं कारण सांगायची सोय नव्हती. मार्लिसबाईंना सांगितलं म्हणजे सिग्नीला शाळेतच कळणार. शिवाय तिकडे मिनेसोटा राज्यात कुणी ‘मला हे हवंय’ असं तोंडावर मागत नाही, ते उद्धट दिसतं. म्हणून दारात उभं राहून तो पायाकडे बघत म्हणाला, “थोडा जुना ब्रेड असेल का? म्हणजे, बुरशी आलेला असला तरी चालेल.”

मार्लिसबाईंनी त्याच्या साफसफाईच्या फाटक्या पॅंटकडे बघितलं.

“इतकं झालंय का, आर्लन?”

“छे, इतकं काही नाही. चार तुकडे मिळाले तरी आजचं भागेल.”

“आणि सिग्नी?”

“तिला काही माहीत नाही अजून. तिला कळायच्या आत काहीतरी केलं पाहिजे.”

बाईंनी छातीवर हात ठेवला, आत गेल्या आणि ओव्हनमधून नुकताच काढलेला ब्रेड घेऊन आल्या. तो नको म्हणाला. पुन्हा नको म्हणाला. आता तिकडची रीत अशी, की दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचं. म्हणजे पहिले दोन नकार कुणी हिशेबात धरतच नाही. आर्लन तिसऱ्यांदाही नको म्हणाला, तेव्हा या माणसाचा स्वाभिमान बघून मार्लिसबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ब्रेड त्यांनी त्याच्या काखेत कोंबला.

तो पुढच्या गल्लीत लव्हॉनबाईंकडे पोचला, तर त्यांच्याकडे बातमी त्याच्या आधीच पोचली होती. त्यांनी नुसतं त्याचं कोपर दाबलं आणि ओव्हनमध्ये खिम्याची हॉटडिश लावलीय, तासाभरात घरी आणते म्हणाल्या. चर्चच्या तरुण पाद्रीबुवांनी गाडी थांबवून त्याला रस्त्यात गाठलं. नोकरी गेली का, असं त्यांनी फारच आडून विचारलं. आर्लनने नोकरी शाबूत आहे म्हणून सांगितलं. “बरं बरं,” बुवा म्हणाले, “जेव्हा बोलावंसं वाटेल तेव्हा.”

तो घरी आला तर पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नव्हती. खिम्यावर बटाट्याचे गोळे रचलेल्या हॉटडिश, किसलेलं गाजर घातलेली हिरवी जेली, वड्यांचे डबे. सगळं वाफाळतं, सगळं ताजं. बुरशीचा औषधालासुद्धा ठिपका नाही. तेवढ्यात जोलीनचा फोन आला. ज्याचं कालच ऑपरेशन झालंय अशा पेशंटने तिचा हात धरून तिला धीर दिला होता.

“आर्लन,” ती म्हणाली, “आपण गरीब कधी झालो?”

फोन कानाला असतानाच दारात शाळेची बस थांबली. सिग्नी उतरली ती हातात बस ड्रायव्हरने दिलेलं अर्धं सॅंडविच घेऊन. आर्लनने तिला पायरीवर, दोन हॉटडिशच्या मधे बसवलं आणि सगळं सांगून टाकलं. ब्रेड, कचरा, टाटासकट.

तिने हातातलं सॅंडविच जेलीशेजारी ठेवलं. खालचा ओठ थरथरला. मग थांबला.

“बाबा, तू नक्की कुणाकुणाला सांगितलंस?”

“एकट्या मार्लिसबाईंना. आईशप्पथ.”

सिग्नीने पायऱ्यांवरून नजर फिरवली. आत गेली, पुठ्ठा उलटा केला आणि पेन घेऊन गाडीत जाऊन बसली.

मग बापलेक दारोदार फिरले. आर्लन प्रत्येक घरी खरं काय ते सांगून माफी मागायचा, आणि सिग्नी विचारायची, “तुम्हाला कुणी सांगितलं? तुम्ही कुणाला?” प्रत्येक बाई आधी म्हणायची, मी कुणाला बोलले नाही हं. मग म्हणायची, फक्त अमकीला.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या जिममध्ये बाकी पोरांनी केलेल्या ज्वालामुखीच्या मॉडेलपाशी शुकशुकाट आणि सिग्नीच्या पुठ्ठ्यापाशी जत्रा. वर लिहिलं होतं, ‘आमच्या गावात बातमी कशी पसरते’. खाली प्रत्येक घराचा एक ठिपका आणि ठिपक्याठिपक्यातून निघालेले बाण. मार्लिसबाईंच्या ठिपक्यातून तर बाणांचा झाडूच निघाला होता. त्या लाजल्या होत्या, पण पुठ्ठ्यापासून हलत नव्हत्या.

आर्लन भिंतीला चिकटून उभा होता. लव्हॉनबाई तोंड पाडून त्याच्याकडे आल्या. पुठ्ठ्यावर नाव लिहिलं म्हणून आता या ओरडणार, असं समजून त्याने माफी मागायला तोंड उघडलं.

“आर्लन,” त्या कानाशी येऊन म्हणाल्या, “माझे दोनच बाण काढलेत. मी पार तिकडे फार्गो शहरातल्या बहिणीलासुद्धा फोन केला होता, काल घाईत सांगायचं राहिलं. पोरीकडे पेन आहे का बघ ना.”