काकाजींचा नववा ग्रह

रायपूर राजधानी झालं आणि आमच्या पाऱ्यातला, म्हणजे मोहल्ल्यातला, जो तो प्लॉट शोधायला लागला. शेजारचे काकाजी ग्रह शोधायला लागले. तोही नेपच्यूनच्या पलीकडचा, प्लूटोला यादीतून काढल्यावर नववा ठरणारा, अजून कोणीच न पाहिलेला.

काकाजी रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसातून रिटायर झालेले. जन्मभर फोनवरून गाड्या चालवल्या, डोळ्यांनी एकही पाहिली नाही. त्यामुळे न दिसणाऱ्या वस्तूवर त्यांचा भारी विश्वास. "तिकडचे बर्फाचे गोळे एकाच बाजूले झुकून राहिले. काहून? कोणी तरी ओढून राहिलं ना बाबू!" हे मी इतक्यांदा ऐकलं होतं की नुसतं "हव" म्हणून मोकळा व्हायचो.

शोधायची रीत अशी. कॉम्प्युटरवर आकाशाच्या एकाच तुकड्याचे निरनिराळ्या वर्षांचे फोटो एकामागून एक दिसतात. तारे जागच्या जागी राहतात. ग्रह असला तर त्याचा ठिपका सरकतो. जगभरचे रिकामटेकडे लोक म्हणे हेच करतात.

पण ठिपके पाहायचं काम त्यांच्या बायकोचं, सुधाकाकूंचं. त्यांनी आयुष्यभर तांदळातले खडे वेचलेले. नजर अशी, की त्या दिसल्या की गोल बाजारातला दुकानदार निमूट चांगलं पोतं पुढे ओढायचा. काकाजी माउस दाबून विचारत, "हालला का वं?" काकू म्हणत, "नाही जी." की वहीत टीप. पुढचा फोटो. रोज संध्याकाळी पन्नास वेळा!

आणि मी साक्षीदार. रेल्वेत दोन सह्यांशिवाय काही खरं नसतं म्हणे. माझं ऑफिस शहराबाहेर वसवलेल्या नव्या राजधानीत गेलेलं, बसमध्ये हाडं खिळखिळी व्हायची, आणि उतरलो की काकाजी गेटवर उभेच. मी खुर्चीत डोळे मिटून बसायचो आणि वही पुढे आली की सही करायचो.

एकदा बाहेर कुत्री भांडली आणि मी डोळे उघडले. पाहतो तर मॉनिटर बंद. वायर निघून खाली लोंबत होती. काकाजींनी माउस दाबला, विचारलं. काकू त्या काळ्या काचेकडे टक लावून म्हणाल्या, "नाही जी."

मी वायरीकडे हात नेला. काकाजींनी टेबलाखाली माझं मनगट घट्ट धरलं. दुसऱ्या हातानं वहीत टीप लिहिली.

गेटपर्यंत सोडायला आले तेव्हा हळूच बोलले. काकूंच्या डोळ्यांचे पडदे खराब झालेले, डॉक्टरांची चिठ्ठी त्यांच्या हाती लागली होती. चार महिने झाले. काकूंना वावरण्यापुरतं दिसतं, बारीक काही नाही. आकाशाचे फोटो असेही काळेच, म्हणून त्यांना वाटतं कोणाला कळत नाही. "तिनं अजून सांगतलं नाही. मी कसा विचारू?"

मला रागच आला. चार महिने माझ्या संध्याकाळी फुकट गेल्या होत्या. मी म्हटलं, काकाजी, एवढ्यात तुमचा ग्रह समोरून निघून गेला असला तर?

त्यांनी गेटची कडी लावून घेतली.

"गेला असन तं गेला. दुसऱ्या कोणाले सापडन तो. पन तिले उद्या कोणी तरी 'हालला का वं' विचारलं पाहिजे ना, बाबू."