पैशांची पाठराखीण

पोर्तुगालला पाठवलेले आमचे पैसे तिसऱ्या दिवशी कराडला घरी परत आले, आणि येताना त्यांना सर्दी झाली होती.

पोर्टो शहरात आमच्या केतकीच्या घरासमोर एका खोलीचा फ्लॅट विकायला होता, त्याचे ते पैसे. मालक शुक्रवारपर्यंत थांबणार होता. नंतर फ्लॅट दुसऱ्याचा, आणि आम्ही म्हातारपणी लेक बघायची ती फोनवरच. माझं डोकंच फिरलं.

"अहो, आधी त्यांना चहा तर घेऊ द्या," वत्सला म्हणाली.

चहा झाल्यावर आम्ही पैशांना घेऊन बँकेत गेलो. शाखाधिकारी शिकलगारसाहेबांनी त्यांना खुर्ची दिली आणि विचारलं, "निघताना हातावर दही घातलं होतं?"

"घातलं की! साखर घालून," वत्सला म्हणाली. "एवढ्या लांब जायचं म्हटल्यावर..."

"तिथंच घोळ झाला, काकू. दही देतात ते सुखरूप परत यावं म्हणून. हे आले. बँकेची यात चूक नाही. मागं एकांचे दुबईहून आले, खजूर घेऊन."

"मग आता करायचं काय?" मी विचारलं.

"घर घ्यायला जाणारे पैसे कायमचे जातात, काका. त्यांची लेकीसारखी पाठवणी करायची. ओटी भरा आणि सोबत पाठराखीण द्या. चार दिवस ओळखीचं कुणी असलं की रुळतात."

"तिकडं आमच्याशी कुणी बोलायचंच नाही," पैसे नाक पुसत म्हणाले.

वत्सलाच्या तांदळाच्या डब्यात तिच्या आईनं दिलेली शंभराची जुनी नोट होती. पोक्त, शांत, कधीच न मोडलेली. तिला विचारलं. "घड्या दुखतात गं," ती म्हणाली, "पण पोरांसाठी जाईन."

बुधवारी बँकेत पाठवणी झाली. तांदूळ, खण, नारळ. शिकलगारसाहेबांनी नारळाची पावती वेगळी केली. कॅशियर डोळे टिपत होता, पण सगळ्यांत जास्त रडलो मी. जन्मभर या पैशांच्या मागे धावलो आणि कधी दोन शब्द प्रेमानं बोललो नव्हतो, याचं फार वाईट वाटलं.

शुक्रवारी केतकीचा फोन आला. पैसे पोचले होते, किल्ली मिळाली होती.

पाठराखीण रीतीप्रमाणे पुढच्या आठवड्यात परत आली. मान म्हणून तिला भरतकामाचा रुमाल मिळाला होता. "स्वयंपाकघर लहान आहे," तिनं सांगितलं, "पण सकाळचं ऊन थेट ओट्यावर येतं. केतकीची गॅलरी समोर दिसते. पैसे आता रडत नाहीत, तुमची वाट बघतात." मग ती डब्यात जाऊन झोपली.

दिवाळीनंतर आम्ही निघालो. बॅगा दाराशी होत्या. दह्याची वाटी घेऊन मी उभा राहिलो आणि शिकलगारसाहेब आठवले. लेकीकडं राहायला जायचं हे ठरलं होतं; परत यायचं की नाही, हे आम्ही एकमेकांशी बोललोच नव्हतो. वत्सलानं तळहात पुढं केला.

"घाला हो, जावईबापू," तांदळाच्या डब्यातून आवाज आला.

मी चमचाभर दही घातलं. तिनं ते खाल्लं आणि हात तसाच पुढं ठेवला, म्हणून आणखी एक चमचा घातला.