लीलाधरभाऊ मंदी खातात

मुलीला बघायला जामनेरहून पाहुणे यायचे होते आणि घरात बसायला धड खुर्ची नव्हती. तेवढ्यासाठी देवपुरातल्या लीलाधरभाऊंनी मिरचीच्या सौद्यात हात घातला. कचेरीत दस्त लिहिणारा हा सरळमार्गी माणूस. पण मिरचीबाजारात नुसत्या हमीवर पाचशे रुपये नजराणा मिळतो, हे ऐकल्यापासून त्यांचं कामात लक्ष लागेना.

प्रश्न एवढाच होता, की तेजी खायची की मंदी. नजराणा घेऊन महिनाभर ठरल्या भावाने मिरची विकायची हमी दिली, की ती तेजी खाणं. विकत घ्यायची हमी दिली, की मंदी खाणं. सौदा पुरा करायचा की सोडायचा, ही मात्र नजराणा देणाऱ्याची मर्जी.

"तेजी नको," भाऊ बायकोला म्हणाले. "भाव वर कुठवर जाईल, सांगता येत नाही. खाली येऊन येऊन शून्यापर्यंतच येईल ना?"

"म्हणजे बुडालं तर तेवढंच बुडेल," सुनंदाबाई म्हणाल्या. तेवढं म्हणजे घरात होतं नव्हतं ते सगळं, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

भाऊंनी खेड्यावरच्या भिकन पाटलाची दहा पोत्यांची मंदी खाल्ली आणि खुर्च्या आणल्या. व्यापारी मुदतीला भावातला फरक देऊन मोकळे होतात, पोतं जागचं हलत नाही. पण कचेरीतल्या माणसाचं तोंडी बोलण्यावर कसं भागणार? भाऊंनी स्टॅम्पपेपर आणला आणि हाताच्या सवयीने लिहून टाकलं, 'सदर माल लिहून देणार यांचे राहते घरी पोचता करावा.' मुदत रविवारची घातली, कारण रविवारी सुट्टी. पाहुण्यांनाही त्याच कारणाने तोच रविवार दिला.

भाव पडला. रविवारी पाहुणे नव्या खुर्च्यांवर टेकतात न टेकतात, तोच दारात टेम्पो लागला.

"भाऊ, बठ्ठा माल लई उनू," भिकन म्हणाला. "कोठे उतारू?"

"अरे, आज नको! पाहुणे आलेत. फरक घे आणि जा ना."

"फरक कोठे लिखेल शे? घर लिखेल शे." भिकनने कागद पुढे केला. "मुदत आज सरी ऱ्हायनी."

कागदात खोट नव्हती. ओटा अरुंद, म्हणून पोती बैठकीत आली. सहावं पोतं शिवणीत उसवलं. पहिली शिंक नवऱ्या मुलाला आली, मग त्याच्या वडिलांना, रतिलालभाऊंना, आणि मग पोह्यांकडे कोणी पाहिलंच नाही. कमलचं हे चौथं स्थळ, आणि चारांत चांगलं. भाऊंना खरोखर रडू आलं. पण सगळेच डोळे पुसत असल्यामुळे ते कोणाला कळलं नाही.

रतिलालभाऊ जामनेरच्या बाजारातले मुरलेले अडते. "मुलगी पसंत पडण्यासारखी आहे," ते रुमालाआडून म्हणाले. "दिवाळीपर्यंत कळवतो. तोवर तुम्ही दुसरीकडे बोलू नका."

पोत्यावर बसलेल्या भाऊंच्या डोक्यात एकदम उजेड पडला. "म्हणजे आम्ही बांधलेले आणि तुम्ही मोकळे?" ते म्हणाले. "मग नजराणा लागेल, रतिलालभाऊ."

"कसला?"

"दिवाळीपर्यंतचा. बाजाराची रीतच आहे."

सुनंदाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. रतिलालभाऊंनी जन्मभर फुकट मिळेल तेवढी मुदत घेतली होती. पैसे मोजून कधीच नाही. त्यांनी मुलाकडे पाहिलं. मुलाने शिंकता शिंकता मान डोलावली.

"मग आत्ताच होकार धरा," ते म्हणाले. "दिवाळी कशाला?"

"कमल, साखर आण गं!" भाऊ ओरडले.

कमल नाकाला पदर लावून बाहेर आली. हातात साखर नव्हती.

"मला विचार करायला दिवाळीपर्यंत वेळ पाहिजे," ती म्हणाली.

रतिलालभाऊ खुर्चीत पुढे सरकले. "आणि नजराणा?"

"तो बाबा देतील."

लीलाधरभाऊंनी खिसे चाचपले. मग मुकाट्याने उठून त्यांनी एक न उसवलेलं पोतं रतिलालभाऊंकडे सरकवलं.